रेझिस्टरला ऐकू येतं

"बाई, ह्यात मोहरी तडतडायलीय. जरा ऐका."

जैबूनआपांनी हेडफोन माझ्या हातात दिला. मला तेव्हा सातवा संपत आला होता. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात. स्टुलावर टेकून मी हेडफोन कानाला लावला. खरखर येत होती. कुठल्याही अॅम्प्लिफायरमधून येते तशीच.

"थोडी असायचीच की आपा."

"थोडी असती, न्हाई कोण म्हणतंय? पण निळ्याची कशी, चाळणीतनं रवा पडल्यागत. एकसारखी. ह्या बदामी मालाची मधनंच उडती. फोडणीच नुसती."

निळे आणि बदामी म्हणजे रेझिस्टर. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, दोन्ही बाजूंना तार. निळे धातूच्या पापुद्र्याचे, बदामी कार्बनचे. निळ्यांचा माल अडकला होता आणि परचेसवाल्याने तेवढ्याच व्हॅल्यूचे बदामी आणून ठेवले होते. ते चालतील की नाही, हे मला ठरवायचं होतं.

"व्हॅल्यू तीच आहे ना?" मी विचारलं.

"तीच हाय. मीटर तेच सांगतंय. पण मीटरला कान कुठं असत्यात?"

आपा मिरजेच्या. माहेर सतार बनवणाऱ्यांचं. भोपळे, तुंबे, तारा यांतच वाढलेली बाई, वीस वर्षं आमच्याकडे सोल्डरिंग करत होती आणि प्रत्येक बोर्ड कानाने तपासून पुढे देत होती. तसं करायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मात्र इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलेली. टेबलावरचा कागद ओढून मी सूत्र लिहून दाखवलं.

"हे बघा. रेझिस्टर थोडाफार उबदार असतो, म्हणून आतले इलेक्ट्रॉन सारखे धडपडत असतात. त्यांची ही खरखर. ती किती, हे तीनच गोष्टींवर ठरतं. रोध किती, तापमान किती, आणि बारीक-जाड आवाजांचा केवढा पट्टा आपण ऐकतो. कशाचा बनवलाय, हे सूत्रात येतच नाही. सोन्याचा असो नाहीतर कोळशाचा."

आपांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला.

"ह्यात मोहरी न्हाई व्हय?"

"नाही."

"मग ऱ्हायलं," त्या म्हणाल्या आणि इस्त्री उचलावी तितक्या शांतपणे सोल्डरिंग गन उचलून कामाला लागल्या.

मी फॉर्मवर लिहिलं : बदल मान्य. वृषाली मगदूम. तारीख टाकली आणि लिंबू सरबत प्यायला गेले.

आमची कंपनी म्हणजे कुपवाड एमआयडीसीतली एक शेड आणि अकरा माणसं. बनवायचो एकच वस्तू : नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं की नाही ते सांगणारं मशीन. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तीन चिकटपट्ट्या लावायच्या, कानात बारीक टिकटिक सोडायची. कान शाबूत असेल तर प्रत्येक टिकटिकीला मेंदूत एक एवढीशी विजेची लाट उठते. इतकी एवढीशी, की खरखरीखाली ती गाडलेलीच असते. म्हणून मशीन हजारो वेळा टिकटिक करतं आणि सगळ्यांची सरासरी काढतं. खरखर कधी वर, कधी खाली. सरासरीत ती आपली आपण विरते. लाट मात्र दर वेळी त्याच जागी, म्हणून ती उरते. उरली, की मशीन चिठ्ठी छापतं : पास. नाही उरली तर : पुन्हा तपासा.

बाळंतपणाची रजा संपवून मी सहा महिन्यांनी परत आले, तो सोमवार होता. अन्विता चार महिन्यांची. तिला सासूबाईंकडे सोडताना मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला, दारातून परत फिरून पुन्हा तपासला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जा बाई आता. मी तीन वाढवलीत. तिन्ही श्वास घेतात."

शेडमध्ये पाऊल टाकलं तर बोरगावे साहेब समोरच. मालक तेच, मॅनेजर तेच. वाईट माणूस नव्हे. माझ्या डोहाळजेवणाला त्यांच्या मिसेस पाच प्रकारच्या वड्या घेऊन आल्या होत्या.

"या या, मगदूम मॅडम! तुमच्यावाचून अडलंय. उद्या डॉक्टर हेर्लेकर बाई येताहेत. चाळीस मशीन घ्यायचा विचार आहे त्यांच्या ट्रस्टचा. आणि हे बघा, मी काय म्हणतो, डेमोला तुमची छोटीच आणा. मशीन बनवणारीचं बाळ, मशीनवर झोपलेलं, आणि चिठ्ठी पास. अजून काय पाहिजे?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. "दूध पिऊन साडेअकराला झोपते ती," मी म्हणाले. "त्या वेळेत बोलवा त्यांना."

"आता वेळेची चिंता नको. मधे भयंकर तक्रारी आल्या. वीस वीस मिनिटं मशीन संपायचंच नाही, बाळं उठून भोकाड पसरायची. मग प्रोग्रॅमवाल्याला सांगून 'लाट उरली' म्हणायची मर्यादा जरा सैल करून घेतली. आता चार मिनिटांत चिठ्ठी बाहेर."

"सैल म्हणजे किती?"

"चालतंय तेवढी," साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

मी तिथेच उभी राहिले. मी रजेवर गेले तेव्हा मशीनला सात मिनिटं लागायची. सातची वीस कशी झाली? खरखर वाढल्याशिवाय सरासरीला एवढा वेळ लागत नाही.

आपा त्यांच्या जागेवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळंतपण नीट झालं? लेक का ल्योक?"

"लेक. आपा, ते बदामी रेझिस्टर अजून वापरतोय आपण?"

"तर. चौदा मशीनं गेली की त्यांची."

"आणि मोहरी?"

आता त्यांनी मान वर केली. "मी काय बोलू बाई? सूत्रात न्हाई ती."

हे मला लागायलाच हवं होतं आणि लागलं. मी एक निळा घेतला, एक बदामी घेतला, आणि दुपारभर टेबलावर बसले. आपाही स्टूल ओढून शेजारी बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

आधी दोन्ही नुसतेच अॅम्प्लिफायरला जोडले. त्यांतून प्रवाह सोडला नाही. आपांनी आलटून पालटून ऐकलं.

"दोन्ही रवाच," त्या म्हणाल्या. त्यांनाही नवल वाटलं. "कुठला निळा, कुठला बदामी, कळंना."

म्हणजे सूत्र खरं होतं. मग मी दोन्हींतून प्रवाह सोडला, आमच्या बोर्डावर पहिल्या टप्प्यात असतो तेवढाच. निळ्याची खरखर होती तशीच राहिली. बदामीची लावली आणि आपांनी हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला.

तडतड. मधेच खंड, मधेच दोन-तीन एकदम, मग परत.

कार्बनचे कण एकमेकांना कसेबसे टेकलेले असतात. वीज त्यांतून जाताना कधी या कणावरून जाते, कधी त्या. वाट बदलली की रोध अंमळ बदलतो, आणि ती बदलाबदल म्हणजे ही तडतड. उबेच्या खरखरीत ही वरची भर. माझं सूत्र गप्प बसलेल्या रेझिस्टरचं होतं. आमचे रेझिस्टर कामाला लागलेले होते. कॉलेजात हे दुसऱ्याच पानावर होतं आणि परीक्षेला कधी आलं नव्हतं.

"सापडली व्हय मोहरी?" आपांनी विचारलं.

"सापडली."

"मग आता रडताय कशाला?"

मी रडत नव्हते. मला मिरजेचं ते नर्सिंग होम आठवत होतं. अन्विता दोन दिवसांची असताना तिथे आमचंच मशीन बघून मी नर्सला केवढ्या ऐटीत सांगितलं होतं, की हे मी केलेलं आहे. चार मिनिटांत पासची चिठ्ठी आली होती; सातऐवजी चार का, हे तेव्हा सुचलंही नव्हतं. मी ती बाळाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर चिकटवली होती.

मी तयार मशीन पुढे ओढलं. तीन चिकटपट्ट्यांच्या जागी तीन रेझिस्टर जोडले. डोकं नाही, कान नाही, बाळ नाही. मशीन सुरू केलं. टिकटिक हवेत विरत होती. असं दहा वेळा केलं.

चार वेळा चिठ्ठी आली : पास.

"अगं बया," आपा म्हणाल्या. "रेझिस्टरला ऐकू येतंय."

पाच वाजता मी त्या चार चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं.

"मॅडम, बदामी माल कुणी मान्य केला?"

"मी."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग उद्या उघडं पडलं तर कोण पडेल?"

"मी. आणि मर्यादा सैल करणारे तुम्ही."

"तुम्ही आत्ताच बाळंतीण आहात, जीव हळवा झालेला असतो. घरी जा, झोपा. ही ऑर्डर हातात पडू दे, मग गुपचूप एकेक मशीन बोलावून बदलू. मी शब्द देतो."

"आणि तोवर जन्मतील त्यांचं काय? सहा महिन्यांच्या आत कळलं तर कानाला यंत्र लावून बोलायला शिकतं मूल. तीन वर्षांनी कळलं तर..."

"हजारात एखादं असतं हो तसं!"

"हो. त्या एकासाठीच तर मशीन आहे. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना आपली गरज काय?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "अकरा घरं आहेत या शेडवर. जैबूनआपांचा नवरा अंथरुणावर आहे. त्यांना जाऊन विचारा, उद्या काय करायचं ते."

मी बाहेर आले आणि खरंच विचारलं. आपा डबा पिशवीत घालत होत्या.

"मला काय विचारताय?" त्या म्हणाल्या. "बेसूर सतार गिऱ्हाइकाला दिली तर माझा बाप तिची तार तोडून घरी घेऊन यायचा. पैसं परत देऊन. उद्या लवकर येतो मी."

दुसऱ्या दिवशी अन्विताला घेऊन गेले. ती डेमोसाठी नव्हती. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती ठेवायची माझी छाती होत नव्हती. साहेबांना वाटलं, मी वळणावर आले.

डॉक्टर हेर्लेकर साठीच्या, बारीक चणीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला. आल्या आल्या अन्विताच्या तळपायाला गुदगुली केली. "ही का आजची पेशंट?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "पेशंट दुसरा आहे."

टेबलावर पाळण्याची टोपली होती. तिच्यात अन्विताची कुंची. कुंचीच्या आत एक छोटा बोर्ड, त्यावर तीन रेझिस्टर. आपांनी कुंचीचे बंद नीट गाठ मारून बांधले होते, वर काजळाचा ठिपकाही लावला होता. तो मी सांगितलेला नव्हता.

"हे काय?" साहेबांचा आवाज चिरकला.

"बाळाचं नाव काय टाकू?" मी मशीनवर बोटं ठेवून विचारलं.

"कार्बनराव," आपा मागून म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या. "पण याला ऐकू कसं येणार?"

"नाहीच येणार. मशीनने तेच सांगायला हवं."

मी सुरू केलं. चार मिनिटं. अन्विता खांद्यावर झोपेत चोखल्यासारखं करत होती. चिठ्ठी आली.

पुन्हा तपासा.

"बघा!" साहेबांनी टाळी वाजवली. "उत्तम. आमच्या मशीनला फसवता येत नाही, हेच मॅडमना दाखवायचं होतं. चला, चहा..."

"परत लावते," मी म्हणाले.

"मगदूम मॅडम, पुरे झालं."

"परत लावते."

दुसऱ्यांदाही : पुन्हा तपासा. साहेब आता माझ्या अगदी जवळ आले. ओठ न हलवता म्हणाले, "आत्ता थांबलात तर मी सगळं विसरेन." दहातले चार म्हणजे काही दर तिसऱ्याला हमखास नव्हे. ओळीने सहा वेळासुद्धा पास नाही येणार कदाचित. डॉक्टरबाई घड्याळ बघत होत्या. अन्विता जागी झाली आणि कुरकुरू लागली. आपांनी हात पुढे केले, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिला दुसऱ्या कुणाकडे दिलं. दोन्ही हात मोकळे झाले.

"शेवटचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा सुरू केलं. टिकटिक, टिकटिक. अडीच मिनिटांतच मशीन थांबलं. छपाईचा आवाज आला. चिठ्ठी मी बघितलीच नाही, सरळ त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. कुंचीचे बंद सोडून आत डोकावल्या. परत चिठ्ठी वाचली.

"अशी किती मशीनं बाहेर आहेत?"



"चौदा," मी म्हणाले. "पहिली चूक माझी. सही माझी आहे. हा फॉर्म."

"तुम्हाला माहितेय ना, हे तुमच्यावर येईल?"

"माझ्याच सहीने गेलीत ती. परत आणायलाही माझीच सही लागणार."

"मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता कामावरून काढू शकतो," साहेब म्हणाले.

"काढा. पण चौदा दवाखान्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत, आणि काल रात्रीच पाठ केलेत."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या बाळाची तपासणी कुठल्या मशीनवर झाली?"

"ह्यांतल्याच एका. चौदातलं नववं."

"गाडीत बसा."

सांगलीला त्यांच्या दवाखान्यात, जुन्या जाडजूड परदेशी मशीनवर, अन्विता आपांच्या मांडीवर झोपली. अकरा मिनिटं. आलेखावर ती लाट दिसली, अगदी जिथे असायला हवी तिथे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिला ऐकू येतंय."

मी आधी माझ्या लेकीचं बघून घेतलं. बाकीच्यांना दुपारी फोन केले. हे लिहून ठेवते, कारण ते तसंच आहे.

साहेबांनी मला त्याच आठवड्यात काढलं. आपांना काढायची त्यांची छाती झाली नाही. पुढे बदामी माल पोत्यात भरून गेला, निळे आले, मर्यादा होती तिथे गेली आणि शेड अजून चालू आहे. हे मला आपांकडूनच कळतं. चौदाही मशीनं परत आली. प्रत्येकाच्या आत तपासलेल्या बाळांची यादी होती. नवजात बाळाला नाव नसतं, म्हणून आईचं नाव : अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. तीनशे सात. डॉक्टरबाईंनी आपला दवाखाना रविवारी उघडा ठेवला आणि आपा नि मी गावोगाव फिरलो. काहींनी दारातून हाकललं. एका आजोबांनी विचारलं, "आधी पास म्हणालात, आता नापास करायला आलाय व्हय?" पाच महिने गेले. तीनशे सहा बाळं सापडली. दोघांना ऐकू येत नव्हतं. दोघंही वर्षाच्या आत यंत्र लावून ऐकायला लागली. त्यातला एक मला आता फोनवर शिव्या देतो. स्पष्ट.

एक राहिलं. यादीत लिहिलंय : रंजना यांचं बाळ, मुलगी, वजन दोन किलो शंभर. आडनाव नाही. पत्त्याच्या जागी 'ऊसतोड टोळी'. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. मी त्या दवाखान्यातल्या नर्सला भेटले. ती म्हणाली, तिसऱ्या दिवशीच बाई बाळाला पाठीशी बांधून उसाच्या फडावर गेली. बीडकडची असेल, नाहीतर जालन्याची. हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या दोन हंगामांत मी कारखान्यांवर, टोळ्यांच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर, जाऊन विचारलं. रंजना पुष्कळ भेटल्या. ती नाही.

त्या मुलीला आता पाच वर्षं होतील. अंगणवाडीत जात असेल. कदाचित सगळं ठीक असेल, हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा ठीकच असतं. पण कदाचित ती मुकाट्याने बसत असेल आणि बाई म्हणत असतील, हिचं लक्षच नसतं. आई म्हणत असेल, हट्टी आहे, बोलायचं नाही म्हणते. आणि आईकडे पास लिहिलेली चिठ्ठी असेल, म्हणून तिने कधी शंका घेतली नसेल.

तुम्ही तिकडचे असाल, किंवा तुमच्या गावाशेजारी कोप्या पडत असतील, तर एवढं करा. फेब्रुवारीत जन्मलेली, रंजनाची पाच वर्षांची मुलगी दिसली तर ती खेळात गुंतलेली असताना तिच्या मागे जाऊन उभे राहा. सावली पुढे पडू देऊ नका. पाय आपटू नका. हळू आवाजात हाक मारा. तिचं नाव मला माहीत नाही. कुठल्याही नावाने मारा; ऐकू येत असेल तर ती वळून बघेलच.